कमरेएवढा बझा

सगळ्याचं मूळ बाबांच्या चौथ्या पेल्यात आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे काही होईल त्यासाठी कुणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही. माझ्याकडे बोट दाखवण्यासारखंही थोडंफार आहे, पण ते ओघात येईलच.

बाबा आमच्याच शाळेत भूगोल शिकवतात. वर्गात त्यांचं कुणी ऐकत नाही. मी त्यांची मुलगी, पण मीसुद्धा मागच्या बाकावर बसून वेणी घालते. मेजवानीच्या टेबलाशी मात्र ते पेला घेऊन उभे राहिले की चमचेसुद्धा गप्प होतात. आमच्या गल्लीत बारसं असो, लग्न असो की कुणी गेल्यानंतरचं चाळिसावं असो, तामादा म्हणून बाबाच लागतात. पेला कधी उचलायचा, कुणाच्या नावाने उचलायचा आणि त्याआधी किती रडवायचं, हे सगळं त्या दिवशी त्यांच्या हातात असतं. बाबांचं पूर्ण नाव एमझार, पण गल्लीत कुणी नुसतं ‘तामादा’ म्हटलं तरी तेच वळून बघतात.

तर फेब्रुवारीत त्यांचा वाढदिवस होता. चारच दिवसांनी ईस्टरच्या आधीचा लांबलचक उपवास सुरू होणार होता, म्हणजे चीजला रामराम. त्यामुळे टेबलाभोवती अकरा माणसं आणि टेबलावर चीज भरलेल्या चौदा खाचापुऱ्या होत्या. पहिला पेला देवाला, दुसरा देशाला, तिसरा गेलेल्यांना. चौथा घरापासून लांब असलेल्यांना. चौथा म्हणजे आई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी आई तीन वर्षांपासून इटलीत, बारी शहरात, एका म्हाताऱ्या सिन्योराची, म्हणजे तिकडच्या बाईंची, देखभाल करते आहे. आमच्या गल्लीतल्या पाच घरांच्या आया तिकडे नाहीतर ग्रीसमध्ये आहेत. त्यामुळे आमच्या गल्लीतले पुरुष राजमा फार उत्तम शिजवतात, आणि त्यावर तासन्‌तास बोलतात.

बाबा उभे राहिले. आई बझोबाच्या आदल्या दिवशी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येणार आहे, हे त्यांनी सांगितलं आणि सगळे आनंदाने ओरडले. इथे बसले असते तर काही बिघडलं नसतं. पण बाबांचा आवाज दाटला, आणि बाबांचा आवाज दाटला की पुढचं वाक्य नेहमी महागात पडतं.

“माझ्या इंगाने अंगणात लावलेला बझा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय,” ते म्हणाले. “या बझोबाला त्याची एकेक काडी या टेबलावरच्या प्रत्येकाच्या हातात असेल.”

बझोबा म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. त्या दिवशी बझ्याची हिरवी काडी घेऊन चर्चमध्ये उभं राहायचं, तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं आणि घरी आणून वर्षभर तसबिरीमागे खोचून ठेवायची. सणाचं नावच झुडपावरून. आणि नेमकं तेच झुडूप काही वर्षांपूर्वी हिरव्या अळ्यांनी डोंगरच्या डोंगर खाऊन संपवलं. चर्चच्या आवारातले तर खराटे झाले. तेव्हापासून लोक तमालपत्राच्या डहाळ्या घेऊन येतात. पाद्रीबाबा काही बोलत नाहीत, पण गेल्या वर्षी पाणी शिंपडता शिंपडता त्यांनी “चला, रश्शाची सोय झाली” असं पुटपुटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आमच्या गल्लीत जिवंत राहिलेला बझा एकच. आमचा. गुडघ्याएवढा, गोल, बटणांसारख्या चकचकीत पानांचा, आणि उन्हात त्याला मांजर येऊन गेल्यासारखा वास येतो. आईला तो वास आवडतो. आईचं सगळंच असं आहे.

अकरा काड्या निघाल्या असत्या. पण बाबांनी पेला शेजारच्या अंबाकोआजोबांकडे सोपवला. आणि पेला सोपवला की घेणाऱ्याने आधीच्याच्या बोलण्यात भर घालायची असते, काटछाट करायची नसते. अंबाकोआजोबा ऐंशी वर्षांचे आहेत, त्यांनी आयुष्यात कधी काटछाट केलेली नाही. ते म्हणाले, टेबलच का, गल्लीतल्या सव्वीसच्या सव्वीस घरांत या बझ्याची काडी जाईल. मग त्यांनी पेला सोपवला जुंबेरकाकांकडे. हे गल्लीतल्या व्हेनेरामावशीचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि कशातही मागे राहायचं नाही हा त्यांचा स्वभाव. ते म्हणाले, गल्लीच का, त्या दिवशी आपल्या चर्चमध्ये एकाही माणसाच्या हातात तमालपत्र दिसणार नाही. सगळे उभे राहिले आणि पेले तळापर्यंत रिकामे झाले.

मी लोणच्याची बशी घेऊन दारात उभी होते. माझ्या हातून दोन काकड्या खाली पडल्या. त्याचं कारण सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर त्याचीच आहे.

तीन वर्षांपूर्वी आई निघाली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मिनीबसच्या दारात तिच्या कोटाची बाही सोडत नव्हते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आई वाकली आणि म्हणाली, “तेकले, हे आपलं झुडूप तुझ्या कमरेला लागलं ना, की मी कायमची परत.” मी लगेच बाही सोडली. मला वाटलं, फार तर पुढचा उन्हाळा. बझा वर्षाला बोटभर वाढतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी स्वतः किती वाढेन हेही कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांत झुडूप माझ्या गुडघ्यापर्यंत आलं आणि माझी कंबर वर पळून गेली. आता मी पंधरा वर्षांची आहे. आया झुडपाच्या उंचीवरून परत येत नाहीत, कर्ज फिटलं की येतात, हे मला कळतं. पण कळणं वेगळं. दर महिन्याच्या एक तारखेला मी पट्टी घेऊन अंगणात जातच होते.

आणि आता त्या झुडपाची हजामत करायचा शब्द अकरा जणांनी मिळून पिऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काड्या मोजल्या. बऱ्यापैकी म्हणाव्यात अशा एकशे चाळीस. बाबा डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून पायरीवर बसले होते. मी म्हटलं, सांगून टाक सगळ्यांना की चुकून बोललो. बाबांनी माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं.

“मी शब्द दिला नाही गं, प्यायलो. दिलेला एक वेळ परत घेता येतो.”

तेव्हा मी ठरवलं की झुडूपच इतकं वाढवायचं की काड्याही निघतील आणि उंचीही राहील. दीड महिना हातात होता. माझ्या आत्मविश्वासाचं कारण असं की जानेवारीतच मी जिल्हा वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. विषय होता ‘माणूस आणि निसर्ग’. परीक्षक डोळे पुसत होते. तेव्हापासून निसर्ग माझं ऐकेल अशी माझी साधारण समजूत झाली होती.

ही बातमी मी फक्त व्हेनेरामावशीला सांगितली, म्हणजे दुपारपर्यंत ती गल्लीत सगळ्यांना कळली. सल्ले यायला लागले. अंबाकोआजोबांनी वाईनच्या रांजणाच्या तळाचा गाळ आणून दिला; त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या गाळाने त्यांच्या वडिलांचा सुकलेला अक्रोड उठून बसला होता. व्हेनेरामावशी म्हणाली, गाळाबिळाने काही होत नाही, चीज केल्यावर उरलेलं पाणी आणि अंड्याची टरफलं घाल. जुंबेरकाका म्हणाले की दोघांचंही विज्ञान कच्चं आहे, मुळाशी गंजलेले खिळे पुरले पाहिजेत, आणि वर प्लास्टिकचा तंबू ठोकला पाहिजे, कारण उष्णता कोंडली की वाढ दुप्पट होते. त्यांनी आकृती काढून दाखवली. आकृतीत बाण होते.

कुणाचं मन दुखवायचं नाही म्हणून मी सगळंच केलं. एका आठवड्यात झुडपाला मांजर, तळघर आणि शिळं चीज असा तिहेरी वास यायला लागला, आणि कुठून कुठून तीन बोके येऊन कुंपणावर राहायला लागले. वर तंबू. तंबू पंधरा दिवस उघडायचा नाही, उघडला तर सगळी उष्णता फुकट, अशी काकांची सक्त ताकीद होती.

इथे मला माझ्या चुकीवर यावं लागतंय, तर येते. आई जायच्या आधी तिने मला एकच काम सांगितलं होतं. मार्च लागला की रोज संध्याकाळी फांद्या बाजूला करून आत बघायचं, अळी दिसली की वेचून बरणीत टाकायची. तीन वर्षं मी एकही दिवस चुकवला नव्हता. डोंगरावरचे बझे संपले आणि आमचा राहिला तो एवढ्यामुळेच. त्यात ना गाळ होता ना खिळे. आणि नेमके ते पंधरा दिवस मी आत बघितलं नाही, कारण आकृतीत बाण होते.

तंबू काढला तेव्हा बाहेरच्या जगातल्या अळ्या अजून थंडीने कुडकुडत होत्या. आमच्या अळ्यांना मात्र जुंबेरकाकांनी हॉटेल बांधून दिलं होतं. बोटाएवढ्या लठ्ठ, हिरव्या, अंगावर काळे पट्टे, आणि घराकडच्या बाजूला पानाऐवजी नुसतं जाळं. गल्लीकडची बाजू गार वाऱ्यामुळे वाचली होती. म्हणजे गल्लीतून पाहिलं तर छान गोल झुडूप, आणि आमच्या स्वयंपाकघरातून पाहिलं तर केरसुणी.

मी दोन दिवस वेचत बसले. व्हेनेरामावशी म्हणाली, काय हाताने वेचतेस, माझ्या कोंबड्या सोडते. सात कोंबड्या आल्या. त्यांनी अळ्यांकडे पाहिलं, एकीने एक उचलली, थुंकली, आणि इतर सहा जणींना काहीतरी सांगितलं. मग सातही जणी शिस्तीत वळल्या आणि आईने लावलेला तारखूनच्या पाल्याचा सगळा वाफा खाऊन टाकला. मावशी म्हणाली, उपवास चालू आहे ना, म्हणून मांसाला शिवत नाहीत. मग अंबाकोआजोबा द्राक्षवेलींवर फवारायचा पितळी पंप आणि घरची कडक चाचा, म्हणजे द्राक्षांची दारू, घेऊन आले. एक फवारा झुडपाला, एक घोट स्वतःला, अशा मापाने त्यांनी काम सुरू केलं. अर्ध्या तासाने ते झुडपाला त्यांच्या लग्नाची हकीकत सांगत होते. अळ्या मेल्या, हे खरं. उरलेली काही पानंही तपकिरी झाली, हेही खरं.

आईचा फोन यायचा तेव्हा मी फोन हातात धरून गल्लीकडून झुडूप दाखवायचे. “आता त्या बाजूने दाखव,” असं ती म्हणाली की आमच्याकडचं नेट जायचं. पंधरा दिवसांत सहा वेळा गेलं.

एवढ्यात बाबांना कुठून तरी कळलं की बझा संरक्षित झाडांच्या यादीत आहे आणि त्याची फांदी तोडायला कागद लागतो. मी म्हटलं, आपल्या अंगणातल्या झुडपाला कशाला लागेल. पण बाबा शिक्षक, उद्या मुलांना कायद्याबद्दल काय सांगू म्हणून ते झोपेनात. तू भूगोल सांगतोस, असं मी म्हटलं, तरीही झोपेनात. शेवटी मीच नगरपालिकेत गेले, कारण बाबांना अधिकाऱ्यांसमोर घाम येतो आणि मला हल्ली कुणासमोरच येत नाही.

तिसऱ्या खिडकीने मला पाचवीकडे पाठवलं, पाचवीने परत तिसरीकडे, आणि तेवढ्यात तिसरीच्या बाई राजम्याची रोटी खायला बसल्या होत्या. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, झुडूप रानटी आहे की पाळीव. मी सांगितलं, मी जन्मले त्या वर्षीच्या बझोबाला आईने चर्चमधून आणलेली काडी मातीत खोचली, ती जगली. बाई म्हणाल्या, चर्चमध्ये कुठून आली. डोंगरावरून. “म्हणजे रानटी,” असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं आणि झुडपाचा मूळचा दाखला आणायला सांगितला.

पाद्रीबाबांनी मेणबत्त्यांच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर दाखला लिहून दिला. ‘सदर बझा माझ्या हातून आशीर्वाद घेऊन गेला असून त्याची वर्तणूक तेव्हापासून चांगली आहे.’ तो बाईंनी दोनदा वाचला, त्यावर शिक्का मारला आणि सांगितलं की बझोबाच्या आधीच्या बुधवारी निरीक्षक येऊन बघतील. आणि हो, झुडूप अळीने खाल्लेलं निघालं तर जागच्या जागी उपटून जाळावं लागेल, तसा नियम आहे.

मी घरी येईपर्यंत रडले नाही. वक्तृत्वात आवाजावर ताबा ठेवायला शिकवतात.

आता ते प्लास्टिकचं. कुतैसीच्या बाजारात लग्नाच्या सजावटीचं एक दुकान आहे. तिथे काचेत बझ्याचे गोळे टांगलेले असतात, अगदी बझ्यासारखे, फक्त वास येत नाही. मी स्पर्धेच्या बक्षिसातून एक मोठा गोळा घेतला, तो मधोमध कापला, आणि सोमवारी दुपारी घराकडच्या बाजूला तारेने असा घट्ट बांधला की मला स्वतःलाच सांधा सापडेना. फक्त ती बाजू जरा जास्तच निरोगी दिसत होती. बाबांनी पाहिलं, मग म्हणाले की हे फसवणुकीत येतं. मी म्हटलं, सजावटीत येतं.

मंगळवारी आईचा फोन आला तेव्हा मी स्वतःहून म्हटलं, ये, त्या बाजूने दाखवते. त्या दिवशी सोसाट्याचा वारा होता. आई बघत राहिली. मग “छान, फारच छान,” म्हणाली आणि तिने तोंड बाजूला वळवलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, आनंदाने रडते आहे. मलाही भरून आलं.

बुधवारी निरीक्षक आले. बाद्री नाव, हातात टेप, काखेत वही, कपाळावर आठी. त्यांनी झुडपाची उंची मोजली, घेर मोजला, आणि मग गल्लीकडच्या, म्हणजे खऱ्या बाजूजवळ गुडघे टेकून बसले. एकेक पान उलटून पाहिलं. चाचाने भाजलेले डाग दिसले, तेव्हा ते चुकचुकले. बाबा दारामागे उभे राहून घाम पुसत होते. मग निरीक्षक उठून दुसऱ्या बाजूला आले आणि त्यांची आठीच गेली.

“ही बाजू नमुनेदार आहे,” ते म्हणाले. “हिला काय घालतेस?”

“काही नाही,” मी म्हटलं. “धूळ पुसते.”

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग तिथेच उभं राहून परवानगी लिहिली, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. कागदाचा मजकूर असा, की झुडूप एकंदरीत जगण्यालायक आहे. गल्लीकडची बाजू अशक्त असल्यामुळे शरद ऋतूपर्यंत निरीक्षणाखाली राहील, तिचं पानही तोडू नये. काड्या तोडायच्या तर फक्त घराकडच्या सुदृढ बाजूकडून तोडाव्यात.

ते गेल्यावर बाबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि पायरीवर बसले. मी त्यांच्याशेजारी बसले. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटत होतं. झुडूप सरकारी कागदाने वाचलं होतं, कुणी त्याला हात लावणार नव्हतं, वाढायला सगळा उन्हाळा पडला होता. मग मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी आजपर्यंत उचललेला एकही पेला खोटा पडलेला नव्हता. गल्लीत त्यांच्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे. वर्गात तर कुणी ऐकतच नाही. त्यानंतर मला फारसं बरं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी दहापासून लोक फाटकाशी जमायला लागले. अंबाकोआजोबा कोट घालून आले होते. कुणी काडी ठेवायला ओला रुमाल आणला होता, कुणी पाण्याची बाटली. बाबांनी काळं जाकीट चढवलं, झुडपासमोर उभे राहिले आणि घसा साफ केला. मेजवानीत साफ करतात तसा नाही, वर्गात करतात तसा. मी सांगतो, असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं. मी मध्ये बोलायचं नव्हतं.

आणि गल्लीच्या तोंडाशी मिनीबसचा हॉर्न वाजला. आई संध्याकाळी यायची होती. ती सकाळच्याच विमानाने आली होती. आधी दोन अवाढव्य बॅगा उतरल्या, मग आई. पुढच्या दोन-तीन मिनिटांत काय झालं ते मी लिहिणार नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. तिच्या कोटाला वेगळ्याच साबणाचा वास होता, एवढं आठवतं. आणि मी तिच्यापेक्षा उंच झाले होते.

मग आई घरात न जाता सरळ झुडपाकडे गेली. वाकली, दोन्ही हातांनी प्लास्टिक धरलं आणि पातेल्यावरचं झाकण काढावं तसं अलगद उचललं. खाली केरसुणी. व्हेनेरामावशी आभाळात काहीतरी शोधायला लागली.

“मंगळवारी एवढा वारा होता,” आई म्हणाली. “दोरीवरचे बाबांचे पायजमे झेंड्यासारखे फडफडत होते. आणि हा आपला जागचा हलत नाही. सिन्योरासुद्धा पोट धरून हसली.”

बाबा खाली मान घालून सांगायला लागले की चूक त्यांची आहे, पेला त्यांचा होता. आईला सगळं माहीत होतं. खिळे, कोंबड्या, चाचा, रोजच्या रोज. आभाळात बघणाऱ्या मावशीने रोजच्या रोज कळवलं होतं. आईने विचारलं किती घरं. बाबा म्हणाले सव्वीस, आणि चर्च. तू कधी कमी बोललास, असं म्हणून तिने माझ्याकडे हात केला आणि कात्री मागितली.

मी कात्री आणली. पण दिली नाही. झुडपाच्या पुढे जाऊन उभी राहिले.

“नको कापूस,” मी म्हटलं. “अजून लागलं नाहीये.”

“कुठे लागलं नाहीये?”

समोर सव्वीस घरं उभी होती. जिल्ह्यात पहिली आलेली मी, मला एक शब्द बोलता येईना. मी नुसता कमरेवर हात ठेवला. आईने माझा हात बघितला. मग तिला आठवलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही.

“अगं वेडे,” ती हळू म्हणाली, “तेव्हा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता म्हणून मी सुचेल ते बोलले.”

“माहितीये.”

“मग?”

“मला माहितीये, पण झुडपाला कुठे माहितीये.”

आई हसली की रडली, कोण जाणे, दोन्ही एकाच आवाजात होतं. तिने माझ्या हातातली कात्री घेतली नाही. माझाच हात धरून पानांशी नेला आणि म्हणाली, “तूच काप. एकेका काडीला चार पानं. त्यापेक्षा जास्त देवालाही लागत नाहीत. हे लावलं कशाला होतं मग, पट्टीने मोजायला?”

बाबा कागद फडकवत मध्ये आले. ही बाजू निरीक्षणाखाली आहे, परवानगी फक्त दुसऱ्या बाजूची आहे. आईने कागद वाचला, प्लास्टिकची एक डहाळी मोडली आणि त्यांच्या जाकिटाच्या खिशात खोचली. तुला कायद्यातली, असं म्हणाली. मग मी कापायला बसले. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला पुरलं, आणि चर्चसाठी एक टोपली भरली. मागे राहिला वीतभर खुंट, त्यावर सात पानं.

रविवारी चर्चमध्ये एकाच्याही हातात तमालपत्र नव्हतं. करंगळीएवढ्या काड्या, पण बझ्याच्या. पाद्रीबाबा पाणी शिंपडत आले, आणि बाबांच्या डहाळीवरून थेंब बदकाच्या पाठीवरून घरंगळावेत तसे घरंगळले. पाद्रीबाबांनी डहाळीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि आणखी एकदा शिंपडलं, जरा जोरात.

बाहेर फाटकापाशी टोपली घेऊन मी उशिरा येणाऱ्यांना काड्या देत होते. रांगेत निरीक्षक बाद्री. शेजारी त्यांची म्हातारी आई. खऱ्यातली शेवटची काडी मी त्यांच्या आईला दिली. मग पिशवीतून प्लास्टिकची डहाळी काढून त्यांच्यासमोर धरली.

“साहेब, परवानगी याच बाजूची आहे.”

त्यांनी ती घेतली, उलटली. देठाला दुकानाची चिठ्ठी होती, ती काढायची माझ्याकडून राहून गेली होती. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. मला वाटलं होतं मजा येईल, पण तेवढी आली नाही. मी माझ्या स्वतःच्या काडीची दोन पानं तोडून त्यांना दिली. ती त्यांनी वहीत ठेवली, प्लास्टिकची खिशात ठेवली, आणि निरीक्षण शरद ऋतूपर्यंत चालूच राहील असं सरकारी आवाजात सांगून ते आत गेले.

घरी आल्यावर मी आईच्या बॅगा उघडायला मदत केली. तोंडावर उन्हाळा, आणि एका बॅगेत तिचा हिवाळ्याचा कोट, लोकरीचे मोजे, उशी, कॉफीचं भांडं. पंधरा दिवसांच्या सुट्टीला माणूस उशी कशाला आणतं, असं मी विचारणार होते. आई तेवढ्यात अंगणात गेली होती. दह्याच्या रिकाम्या डब्यात माती भरून तिने आपली चार पानांची काडी त्यात खोचली होती. डबा तिने स्टुलावर ठेवला. जरा मागे होऊन पाहिलं, आत गेली, बाबांची भूगोलाची दोन जाडी पुस्तकं आणून डब्याखाली सरकवली.

“ये इकडे,” ती म्हणाली. “सरळ उभी राहा.”

मी स्टुलाशेजारी जाऊन उभी राहिले. आईने तळहात आडवा धरला आणि काडीच्या सगळ्यात वरच्या पानापासून माझ्यापर्यंत आणला.

“हं,” ती म्हणाली. “लागलं.”

माझे गुडघे थोडे वाकलेले होते. तिने ते पाहिलं होतं.